ओहोटीची पाहणी

किनाऱ्यावर सैन्य उतरवताना बिनमाणसांच्या विमानाचा उपयोग किती, यावर एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचं मत जोडावं, अशी संरक्षण खात्याकडे करायच्या त्या अर्जात सातवी अट होती. अधिकाऱ्याला अशा उतरणीचा प्रत्यक्ष अनुभव असावा, हेही तिथं बजावलेलं होतं. बडोद्याला समुद्र नाही. तरी शोध घेतल्यावर शहरात असा एक माणूस निघाला, आणि तो अर्जदाराचा सख्खा काका होता. काकांविषयी अटींत काहीच लिहिलेलं नव्हतं.

अर्जदार म्हणजे अमोघ दिघे. गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. चीनचा माल येऊ लागल्यावर पंपांत राम उरला नाही, तेव्हा त्यानं दोन तरुण इंजिनियर हाताशी धरून विमान बनवायला घेतलं. सहा फुटांचे पंख, फायबरचं अंग, पोटात कॅमेरा. हातानं फेकलं की उडायचं, चाळीस मिनिटं वर राहायचं आणि खालचं चित्र लॅपटॉपवर पाठवायचं. फेकायच्या कामावर त्यानं लहरीपुऱ्यातले दोन कामगार नेमले होते, कारण उत्तरायणात सगळ्यात शेवटी कापले जाणारे पतंग त्या दोघांचे असत. साऱ्या प्रकल्पात ही एकच नेमणूक शास्त्रशुद्ध होती.

काका म्हणजे कर्नल विश्वंभर दिघे, मुक्काम सुभानपुरा. २००९च्या नोव्हेंबरात अमोघ त्यांच्याकडे गेला.

"काका, एक पान पण चालेल," तो म्हणाला. "फक्त एवढं लिहा, की विमान असेल तर माणसं वाचतात."

"वाचतात का?"

"वाचणारच ने. वरून सगळं दिसतं."

"काय काय दिसतं?"

"तोफा, तारेचं कुंपण, गाड्या, माणसं. असेल ते दिसतं."

"आणि पाण्याची खोली?"

अमोघनं चहाचा कप खाली ठेवला. "पाणी काय, पाणी आहे, काका."

स्नेहलताकाकू आतून चिवड्याची बशी घेऊन येत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, बशी ठेवली आणि आत निघून गेल्या. पाण्याच्या खोलीचा विषय त्या घरात एकवीस वर्षांत निघालेला नव्हता.

"मत देईन," कर्नल म्हणाले. "पण उडवून बघितल्यावर. आणि किनारा मी सांगेन तो."

तो किनारा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी होता. १९८८च्या जानेवारीत तिथं उतरणीचा सराव झाला होता. विश्वंभर दिघे तेव्हा मेजर होते आणि किनाऱ्याची पाहणी त्यांच्याकडे होती. आदल्या दिवशी सकाळी साडेआठला, ऐन भरतीला, ते जीपनं तिथं गेले. बरोबर हवालदार धनाजीराव साळुंखे. समोर पाणी काठाला लागलेलं, वाळू घट्ट, सगळं चित्रातल्यासारखं. धनाजीरावांनी काठीनं वाळू टोचून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, पाणी उतरल्यावर एकदा बघू. खालचं तळ कसं आहे ते कळंल."

ओहोटी दुपारी होती आणि साडेबाराला डाक बंगल्यावर ब्रिगेडियरसाहेबांचं जेवण होतं. मेजर म्हणाले, "अरे, उद्या भरतीलाच उतरायचंय ना? मग भरतीचंच पाणी बघायचं. ओहोटीचं बघून करायचं काय?"

या युक्तिवादात वरकरणी खोट काढता येत नाही. धनाजीरावांनी काढली नाही. बोटींनी कुठं लागायचं ते दाखवायला त्यांनी काठावर दोन लाल झेंडे रोवले आणि दोघं जेवणाच्या वेळेत परतले.

दुसऱ्या दिवशी सपाट बुडाच्या बोटी झेंडे बघून आल्या आणि काठापासून ऐंशी पावलांवर वाळूत टेकल्या. पुढची फळी पडली. जवान गुडघाभर पाण्यात उतरले आणि काठाकडे चालू लागले. पाठीवर प्रत्येकाच्या तीस किलो ओझं. ती वाळू म्हणजे किनारा नव्हता, किनाऱ्याच्या पुढं साचलेला बांध होता. बांध आणि काठ यांच्यामध्ये एक नाळ होती, पुरुषभर खोल आणि वर हातभर पाणी. पुढचे तीन जण चालता चालता दिसेनासे झाले. मागच्यांना वाटलं, ते वाकलेत.

तिघेही गेले. त्यांतला एक, सुभानराव, धनाजीरावांच्या गावचा होता. त्याला सैन्यभरतीला नेऊन उभा करणारेही धनाजीरावच.

चौकशी रीतसर झाली. मेजर दिघ्यांच्या साक्षीत एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांना विचारलं, किनाऱ्याची पाहणी झाली होती का. झाली होती, असं त्यांनी सांगितलं. ती कोणत्या वेळी झाली हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची पलटणीत पद्धत नाही. धनाजीरावांनी ओहोटीचं सांगून पाहिलं; टंकलेल्या कागदात ते उतरलं नाही. निष्कर्ष असा निघाला की झेंडे दीडशे पावलं डावीकडे लागले, योग्य जागी लागते तर दुर्घटना टळती. एक पायरी उतरून हवालदाराचा नाईक झाला आणि वर्षभरात नाईकाचा कुणीच नाही.

धनाजीराव गावी गेले ते तीन दिवसांसाठी. तिसऱ्या दिवशी सुभानरावाचा बाप त्यांच्या दारात येऊन बसला. बोलला काही नाही, नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी धनाजीराव बायकोला, रखमाबाईंना, घेऊन बडोद्याला मेहुण्याकडे आले. मेहुणा रिफायनरीत होता. त्यानंतर ते गावात पाऊल टाकू शकले नाहीत. आई गेली तेव्हा तिचं कार्य त्यांनी गोरव्याच्या भाड्याच्या खोलीत केलं.

कर्नलांनी त्यांना अमोघच्या कारखान्यात फाटकावर लावून दिलं, त्याला चौदा वर्षं झाली होती. बडोद्याच्या मराठी मंडळींत कर्नलांच्या मोठ्या मनाची गोष्ट म्हणून हे सांगत: ज्याच्या चुकीनं यांचे तीन जवान गेले, त्यालाच यांनी पोटाला लावलं. कर्नल ते ऐकून मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

डिसेंबरच्या एका सकाळी दोन गाड्या त्या किनाऱ्यावर लागल्या. अमोघ, दोन इंजिनियर, दोन पतंगबाज, कर्नल, आणि पेट्या उतरवायला धनाजीराव. पेट्या उतरवायला दुसरा कुणीही चालला असता, पण कर्नलांनी नाव घेऊन त्यांनाच मागवलं होतं. वाटभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पहिलं उड्डाण सकाळी झालं. भरती होती. अमोघनं वेळ मुद्दाम निवडली होती, कारण ओहोटीला नुसता चिखल दिसतो आणि चिखलाचे फोटो अर्ज तपासणाऱ्या समितीपुढं चांगले दिसत नाहीत. पतंगबाजानं विमान फेकलं. ते दोन गटांगळ्या खाऊन सावरलं आणि समुद्रावर गेलं. लॅपटॉपवर किनारा उमटला. झोपडी दिसली, बाभळी दिसल्या, कुंपणावर वाळत घातलेलं जाळं दिसलं, जाळ्याशेजारी बसलेला कुत्रासुद्धा दिसला. पाणी तपकिरी आणि सपाट होतं.

"पाहा, कुत्रा पण सोडला नाही," अमोघ म्हणाला. "शत्रू काय लपणार?"

"शत्रूचं ठीक आहे," कर्नल म्हणाले. "आत्ता इथं बोटी लावायच्या तर कुठं लावशील?"

अमोघनं पडद्यावर बोट ठेवलं. इंजिनियरांनी माना डोलावल्या. ते बोट बांधाच्या बरोबर वर होतं.

कर्नलांनी मागं वळून विचारलं, "धनाजीराव, ओहोटी किती वाजता?"

"दोन चाळीस, साहेब." उत्तर इतकं झटकन आलं, की ते कालपासून तयार असावं.

"मग दोन चाळीसला परत उडवू."

"काका, तोपर्यंत इथं करायचं काय? मी वाटेत हॉटेलात जेवायचं सांगून ठेवलंय, एक वाजताचं."

"जेवण रद्द कर."

अमोघला काकांचा हा आवाज नवा होता. त्यानं फोन लावला. सहा तास सगळे गाड्यांच्या सावलीत बसून राहिले. रखमाबाईंनी बांधून दिलेल्या भाकऱ्या धनाजीरावांनी सगळ्यांना वाटल्या, तुकडा तुकडा आला. पाणी हळूहळू मागं सरत गेलं.

दोन चाळीसला विमान पुन्हा वर गेलं आणि पडद्यावर तो किनारा पहिल्यांदा अंगावरचं पांघरूण काढल्यासारखा उघडा पडला. काठ, मग एक काळपट वळणदार पट्टा, त्यात अजून साचलेलं पाणी, आणि पलीकडे वाळूचा फिकट बांध. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. मैलभर तरी. मधे कुठंही तुटलेला नव्हता.

झोपडीतला म्हातारा मच्छीमार तोवर येऊन मागं उभा राहिला होता. त्याला विचारलं तर तो गुजरातीत म्हणाला, ही तर बापदादांपासून आहे, थोडी इकडे तिकडे सरकते, बाकी जात नाही.

कर्नल पडद्याकडे पाहत होते. दीडशे पावलं डावीकडे काय अन् उजवीकडे काय. झेंडे कुठंही लावले असते तरी त्या तिघांना नाळ ओलांडावीच लागली असती. पायी चालणाऱ्याला ओहोटीत नाळ दिसली असती, पण ती एवढी लांब आहे हे वरूनच कळत होतं. विमानाचा उपयोग होता. त्याबद्दल शंका नव्हती.

अमोघला १९८८ची गोष्ट ढोबळ माहीत होती. आता पडद्यावर पाहून ती त्याला पुरती कळली, आणि कळताच आवडली. "काका, हेच लिहा ने. त्या काळी हे साधन नव्हतं, म्हणून तीन जवान गेले. साधन असतं तर वाचले असते. यापेक्षा मोठं मत काय असणार? आणि यात धनाजीरावांवरचा ठपका पण आपोआप जातो. कुणाचीच चूक नाही. साधन नव्हतं."

हे खरोखर सोयीचं होतं. मेलेले, जिवंत, मेजर, हवालदार, कारखाना, सगळे त्या एका वाक्यात मावत होते. कर्नलांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग ते उठून धनाजीराव पेट्या भरत होते तिकडे गेले.

"ऐकलंत ना, अमोघ काय म्हणतो?"

"ऐकलं."

"असं लिहिलं तर?"

धनाजीरावांनी पेटीची कडी लावली. "साधन होतं, साहेब," ते म्हणाले. "मी होतो."

परतीच्या वाटेवर अमोघनं पुन्हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "अमोघ, तेव्हा विमान असतं, तर तेही मी भरतीलाच उडवलं असतं. सकाळी तू उडवलंस तसं."

मत त्यांनी चार दिवसांत लिहिलं. पहिलं पान विमानाचं. वरून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते त्यात स्पष्ट होतं. शेवटी असं म्हटलं होतं की उपयोग मोठा आहे, पण ओहोटीला उडवलं तरच, आणि ओहोटीपर्यंत थांबायची अधिकाऱ्याची तयारी असेल तर. विमान थांबण्याचं काम करीत नाही. दुसरं पान जोडपत्र होतं. त्यात जीप, भरती, धनाजीरावांचं म्हणणं, आपला नकार आणि त्या नकाराचं कारण दिलेलं होतं. कारण एका ओळीत मावलं.

अमोघ कागद वाचून सुभानपुऱ्याला आला. "काका, समिती विचारेल, ज्यानं आपला किनारा नीट बघितला नाही, त्याचं मत आम्ही का घ्यावं?"

"बरोबर विचारेल."

"मग जोडपत्र काढू या ने."

"काढायचं असेल तर पहिलं पानही काढ."

"सातवी अट आहे."

"मग दोन्ही जाऊ दे."

स्नेहलताकाकू दारात उभ्या होत्या. अमोघ गेल्यावर त्या म्हणाल्या, "पंधरा ऑगस्टला आता तुम्हाला कोण बोलावणार?"

"नाही बोलावणार."

"बरं होईल," त्या म्हणाल्या. "तुमचं ते शिस्तीवरचं भाषण मला समोर बसून ऐकवत नसे."

तीन महिन्यांनी उत्तर आलं. विमान पुढच्या चाचणीसाठी निवडलं होतं. मताबद्दल आभार मानले होते. जोडपत्र विषयाशी संबंधित नसल्यानं परत पाठवत आहोत, असं म्हणून ते सोबत टाचलं होतं. वर आवक क्रमांकाचा शिक्का होता आणि तो अगदी सरळ मारलेला होता.

कर्नल तो कागद घेऊन गोरव्याला गेले. धनाजीराव फाटकावर होते. कर्नलांनी कागद त्यांच्या हातात दिला आणि काय झालं ते सांगितलं. मग म्हणाले, "मी वर लिहीन. मुख्यालयात पुन्हा चौकशी मागेन."

धनाजीरावांनी कागद वाचला. सावकाश, बोट फिरवत, दोनदा. दुसऱ्या वेळी बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ त्यांचीच होती, एकवीस वर्षांपूर्वी न उतरलेली.

"हे तुम्ही लिहिलंत, बरं केलंत," ते म्हणाले. "पण साहेब, फायलीत मला कोण वळखतं? तिथं माझं नाव असलं काय, नसलं काय. मला गावात वळखतात."

"मग?"

"गावात येऊन सांगा."

एप्रिलमध्ये दोघं रेल्वेनं पुण्याला आणि तिथून एसटीनं माण तालुक्यात धनाजीरावांच्या गावी गेले. रखमाबाई मागं राहिल्या. "आधी काय म्हंत्यात बघा," त्या म्हणाल्या, "मग मला फोन करा." कर्नलांच्या पिशवीत ओहोटीच्या चित्राची मोठी छापील प्रत होती. ती गुंडाळून जपून आणली होती, कारण पुरावा म्हणावा तर तेवढीच होती.

सुभानरावाचा बाप वारला होता. आई, जिजाबाई, ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची. धनाजीराव रस्त्यावरच थांबले. कर्नल पुढं गेले.

"कोन हाय?"

"मी कर्नल दिघे. सुभानरावांचा तेव्हाचा साहेब."

म्हातारीचा हात थांबला. "आन् त्यो मागं कोन उभा हाय?"

"धनाजीराव साळुंखे."

लसणीची पाकळी तिनं परातीत टाकली. कर्नलांनी चित्राची गुंडाळी सोडली आणि तिच्यापुढं धरली. "ही पाहा, अशी नाळ होती. या टोकापासून..."

"मला दिसत न्हाई. त्वांडानं सांगा."

कर्नलांनी चित्र खाली ठेवलं. आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग ते सांगू लागले. भरती कशी होती, नाळ कशी होती, झेंडे कुठं होते. झेंडे बरोबर होते. कुठंही असते तरी तेच झालं असतं.

"ह्यानं सांगितलं व्हतं? पानी उतरल्यावं बघा म्हून?"

"सांगितलं होतं."

"मंग का न्हाई बगितलं?"

"मोठ्या साहेबांचं जेवण होतं. वेळेत पोचायचं होतं."

शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज.

"काय व्हतं जेवायला?"

कर्नल साठीच्या पुढचे होते, त्यांनी दोन युद्धं पाहिली होती. या प्रश्नाचं उत्तर त्यांना पाठ होतं, आणि ते त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"कोंबडी," ते म्हणाले. "आणि पुलाव."

म्हातारीनं मान हलवली, जणू एवढंच कळायचं राहिलं होतं. "त्याचा बाप हे न ऐकताच ग्येला," ती म्हणाली. मग तिनं रस्त्याकडे तोंड केलं. "धनाजी, आत ये. उनात काय उभा ऱ्हायलास."

धनाजीराव आले, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि तिच्या पायांना हात लावून तसेच वाकून राहिले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाताला लसणीची सालं चिकटलेली होती.

"पर माझ्या सांगन्यानं काय हुनार?" थोड्या वेळानं ती कर्नलांना म्हणाली. "लोक म्हंतील, म्हातारी इरघळली. एकवीस वरीस ह्याला घराघरांत नावं ठिवलीत. तुमीच सांगा. घराघरांत."

कर्नलांनी मोठ्या सभांत भाषणं केली होती. हे निराळं काम होतं. पहिल्या घरी त्यांनी पाच मिनिटं घेतली आणि नाळेचं शास्त्र सांगितलं. घरधनी ऐकून म्हणाला, "म्हंजी चूक कुणाची?" तेव्हापासून त्यांनी शास्त्र गाळलं. दुसऱ्या घरापासून दोन वाक्यं उरली: धनाजीरावांनी मला ओहोटीला पाहायला सांगितलं होतं; मी पाहिलं नाही, चूक माझी. प्रत्येक घरी ते सांगत, लोक ऐकत, कुणी डोळ्याला डोळा देत नसे, आणि मग चहा येई. नाही म्हणायची सोय नव्हती. एका दारात एक तरुण म्हणाला, "आमाला काय म्हाईत, आमी तवा जन्माला बी नव्हतो," तरी त्याला सांगितलं. एका दारात बाईनं ऐकून घेतलं आणि चहा न विचारता दार लावलं. ती दुसरी कुणी नव्हती, सुभानरावाची सख्खी बहीण होती. कर्नल बंद दारापुढं क्षणभर उभे राहिले. त्या दिवसात तेवढं एकच उत्तर त्यांना पुरेसं वाटलं.

धनाजीराव चार पावलं मागून चालत होते. ते कुणाच्याही घरात शिरले नाहीत. कुणी आत बोलावलं तर म्हणत, "येतो मागनं."

नवव्या घरी एक म्हातारा बाजेवर पडला होता. कर्नलांनी सांगितलं ते त्याला ऐकू आलं नाही. सून म्हणाली, "मामंजी भैरं हायत. जोरात बोला."

कर्नलांनी आवाज चढवला. तरी म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. मग कर्नल ताठ उभे राहिले आणि परेडच्या मैदानावर लागतो तेवढ्या आवाजात त्यांनी ती दोन वाक्यं म्हटली. समोरच्या ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. पारावरचे पत्ते थांबले. शेवटचे दोन शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेले असावेत.

म्हातारा कानावरचा हात काढून म्हणाला, "धनाजी कुटं हाय?"

सुनेनं बाहेर बोट दाखवलं.

"त्याला म्हनावं, च्या घ्ये."

धनाजीरावांनी चपला काढल्या आणि आत आले. बाजेच्या पायथ्याशी बसून त्यांनी चहा घेतला. म्हातारा त्यांना आईच्या दिवसकार्याचं विचारत होता, ते मोठ्यानं सांगत होते. कर्नल बाहेर भिंतीच्या सावलीत थांबले. अजून चौदा घरं राहिली होती आणि उन्हं कलली होती.

बाहेर आल्यावर धनाजीराव म्हणाले, "पुढलं घर पाटलाचं. तिथं लई माणसं असतील."

"चला," कर्नल म्हणाले.

पाटलांचं घर कुठलं ते कर्नलांना ठाऊक नव्हतं. धनाजीराव पुढं झाले आणि वळणावरूनच त्यांनी आत हाक दिली.